गुरुजींच्या पोटातलं इंजिन

बसलेला माणूस ठणठणीत, आणि चालायला लागला की धाडकन आडवा! असं दुखणं तुम्ही कधी ऐकलंय? आमच्या खडूगुरुजींना नेमकं तेच झालं होतं. खुर्चीवर बसून ते दिवसभर अपूर्णांक शिकवायचे, आमची भांडणं सोडवायचे, वर फळ्यावर आंब्याच्या मोहोराचं चित्रसुद्धा काढायचे. पण शाळेच्या पायऱ्या उतरायला लागले की त्यांच्या डोळ्यांतले दिवे विझायचे आणि ते खाली कोसळायचे. उभं करून पाठीवरचं बटण दाबलं की पुन्हा जागे व्हायचे आणि मोठ्या रागाने विचारायचे, "मला कोणी ढकललं?"

कोणीच ढकललेलं नसायचं. पण त्यांना ते पटत नसे.

खडूगुरुजी म्हणजे यंत्रमानव. आता प्रत्येक शाळेत एखादा यंत्रमानव असतोच, पण आमचे गुरुजी अगदी जुन्या बनावटीचे. त्यांना हवेत चित्रं उमटवता येत नाहीत. खडू घेऊन फळ्यावर लिहिता येतं, म्हणून नाव खडूगुरुजी. आमच्या शेळवणे बंदरावरच्या शाळेत ते माझ्या आईच्या वेळेपासून आहेत. आईला भागाकार त्यांनीच शिकवला आणि मलाही त्यांनीच.

गुरुजींच्या पोटात एक पत्र्याची पेटी होती. त्या पेटीत त्यांचा मेंदू, म्हणजे संगणक. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने ती पेटी गंजून गंजून चाळणी झाली. आम्ही कंपनीला फोन केला. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं, "या बनावटीच्या पेट्या आता मिळत नाहीत. कृपया यंत्र भंगारात द्या."

आता मला सांगा, डबा गंजला म्हणून कोणी आतले लाडू फेकून देतं का? मेंदू शाबूत, हात शाबूत, आवाज शाबूत, आणि म्हणे भंगारात द्या! मी त्या गोड आवाजाला चार शब्द सुनावले, पण तोही यंत्राचाच आवाज होता. "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार," म्हणून त्याने फोन ठेवला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी केतकी मेस्त्री. सातवीत आहे. माझा आजोबा, म्हणजे आमच्याकडे म्हणतात तसा आजो, बाबल मेस्त्री, होड्या बांधतो. त्याने माझा राग बघितला, विडी विझवली आणि म्हणाला, "पत्रो नाय तर नाय. फणसाची पेटी करूया मास्तराक."

आणि त्याने केली! फणसाच्या पिवळ्या फळ्यांची, गुळगुळीत, कोपरे गोल घासलेली पेटी. पण हाडाचा होडीवाला तो. प्रत्येक सांध्यात त्याने राळेत भिजवलेला कापूस ठासून भरला आणि छाती फुगवून म्हणाला, "पाण्याचो एक थेंब आत येवचो नाय!"

थेंब आला नाही, पण वाराही आला नाही. अर्ध्या तासात गुरुजी तापले, हळूहळू बोलायला लागले, आणि आठवीच्या वर्गात पहिलीची कविता म्हणू लागले. "मी होडी नाही, बाबलराव!" ते ओरडले. "संगणक काम करताना गरम होतो. माझ्या पोटातला पंखा गार हवा आत ओढतो आणि गरम हवा बाहेर फेकतो. तुम्ही माझं नाक-तोंड दोन्ही बांधलंत!"

आजोने कुरकुरत पेटीला वर आणि खाली जाळीची भोकं पाडली. ताप उतरला. आणि मग पोटात घरघर लागली आणि हे पडण्याचं दुखणं सुरू झालं.

शनिवारी तालुक्याहून कोचरेकर मॅडम येणार होत्या. यंत्रमानव मुलांमध्ये वावरायला सुरक्षित आहेत की नाहीत हे त्या तपासतात. गुरुजींना वऱ्हांड्याच्या पायऱ्या उतरून, अंगणाला फेरी मारून परत वर यायचं होतं. पडले, तर मॅडम त्यांना घेऊन जाणार. घेऊन जाणार म्हणजे कुठे, ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही काही तान्ही बाळं नव्हतो.

शुक्रवारी दुपारी आम्ही गुरुजींना उचलून आजोच्या मांगरात आणलं. मांगर म्हणजे त्याची काम करायची, झापांची (विणलेल्या झावळ्यांची) शेड. गुरुजींना स्टुलावर बसवलं.

"स्वतःच्या पोटात मला डोकावता येत नाही," गुरुजी चिडून म्हणाले. "तेव्हा केतकी, विचार तूच कर. बसल्यावर मी बरा, चालताना आजारी. दोन्हींत फरक काय?"

"चालताना तुम्ही हलता."

"हलतो तर बसूनही. हात हलवतो, मान हलवतो. नीट सांग."

मी जरा विचार केला. "चालताना प्रत्येक पावलाला हिसका बसतो. आणि पायरी उतरताना जास्त मोठा बसतो."

"शाबास! म्हणजे हिसका बसला की काहीतरी सुटतं. काय सुटतं ते बघा. मला आता बंद करा, बॅटरीची वायर काढा आणि मग पेटी उघडा. पण एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका. मी झोपल्यावर तुम्हाला ओरडायला कोणी नसेल."

मग त्यांनी बजावून सांगितलं. पेटीत एक राखाडी लोखंडी डबा आहे, खालच्या बाजूला पंख्याची जाळी असलेला. तो पॉवर सप्लाय (बॅटरीतून येणारी जोरदार वीज संगणकाच्या नाजूक भागांना पचेल इतकी सौम्य करून वाटणारा डबा). तो डबा कधीही उघडायचा नाही. वीज बंद केली तरी त्याच्या आतल्या धारित्रांमध्ये (वीज साठवून ठेवणाऱ्या छोट्या भागांमध्ये) झटका देण्याइतकी वीज दबा धरून बसलेली असते.

"आणि वायर काढण्याआधी कोणती कुठे होती ते चित्र काढून ठेवा," एवढं सांगून गुरुजींनी डोळे मिटले. मी बटण दाबलं आणि बॅटरीची वायर काढली.

पेटीचं झाकण काढलं आणि दुखणं समोरच दिसलं. पॉवर सप्लाय वाकडा झाला होता. त्याची मागची बाजू पेटीच्या मागच्या फळीला चार बारीक स्क्रूंनी जोडलेली होती. फळी बोटभर जाड, आणि स्क्रू नखाएवढे, म्हणून आजोने तेवढ्या जागी लाकूड कोरून पातळ केलं होतं. तिथेच वरच्या दोन स्क्रूंभोवती फळीला चीर गेली होती. डब्याचं पुढचं टोक खाली झुकलं होतं, आणि संगणकात जाणारी जाड वायर ताणून तिचा प्लग अर्धा बाहेर आला होता. आणखी एक हिसका बसला असता, तर पूर्णच निघाला असता.

"लाकूड पातळ पडला," आजो म्हणाला.

"पण पत्र्याची पेटी याहून पातळ होती," मी म्हणाले. "तिच्यात इतकी वर्षं डबा कसा टिकला?"

मी कोपऱ्यात पडलेली जुनी पेटी ओढून काढली. गंजलेली होती, पण नीट बघितल्यावर पॉवर सप्लायच्या जागी खाली पत्रा आत दुमडून केलेली एक कड दिसली. अगदी बोटभर रुंद! डबा त्या कडेवर टेकत होता. आम्ही नवी पेटी करताना फक्त स्क्रू मोजले होते आणि ती कड साफ विसरलो होतो.

मला गुरुजींनी शिकवलेला कळशीचा धडा आठवला. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर आपण विहिरीपासून घरापर्यंत चालत येतो. तीच कळशी हात सरळ लांब करून धरली तर चार पावलांत खांदा भरून येतो. कळशी तीच, पाणी तेवढंच, पण ती आधारापासून लांब गेली की तिचा फिरवणारा जोर वाढतो. त्याला म्हणतात आघूर्ण (वजनाने आधाराभोवती वस्तूला फिरवू पाहणारा जोर). आमचा पॉवर सप्लाय म्हणजे हात लांब करून धरलेली कळशी! मागे चार स्क्रू, आणि सगळं वजन पुढे अधांतरी. मागच्या बाजूच्या खालच्या काठावर तो फिरू बघत होता आणि वरच्या दोन स्क्रूंना फळीतून उपटत होता. त्यात गुरुजी पायरी उतरले की वजनाला वरून आणखी हिसका.

मी हे सगळं आजोला तावातावाने समजावलं. त्याने मान डोलावली. "कळला माका. स्क्रू लहान आसत." आणि तो उठून मोठ्या स्क्रूंची बरणी घेऊन आला.

"आजो, मी काय सांगतंय आणि तू काय ऐकतंस!"

"गो चेडवा, फळीच्या तिप्पट स्क्रू होयो. माझ्या बापाशीन शिकवल्यान माका ह्या. एक भाग फळीत, दोन भाग खाली. वादळ इला तरी सुटूचो नाय." असं म्हणून त्याने ड्रिल उचललं आणि त्याचं टोक थेट पॉवर सप्लायच्या लोखंडी अंगावर टेकवलं.

होड्यांसाठी हा नियम सोन्यासारखा आहे. खाली जाड लाकूड असतं, स्क्रू त्यात घट्ट रुततो. पण इथे खाली लाकूड नव्हतं! खाली होता पातळ पत्रा, आणि त्याच्या आत गुरुजींची वीज. लांब स्क्रू आत शिरून नाजूक भागांना टेकला असता. आणि नुसतं भोक पाडलं असतं, तरी लोखंडाचा कीस आत पडला असता. एकमेकींना कधी भेटू नये अशा दोन तारांना त्या किसाने जोडलं असतं. त्यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात (विजेला चुकीची जवळची वाट सापडणं). मग वायर जोडली रे जोडली की धूर, आणि खडूगुरुजी कायमचे गप्प.

मी धावत जाऊन ड्रिलचा प्लग भिंतीतून उपटला.

"खुळी झालंस काय गो?" आजो गरजला.

"खुळी नाय! तू त्यांच्या काळजात भोक पाडतंस! भोक पाडू नको, आत काय जाऊ देऊ नको, एवढा कळूक नको?"

"जल्म गेलो माझो होड्यो बांधूक! माझी एक होडी बुडली नाय, आणि तू माका शिकवतंस?" त्याच्या मिशा थरथरत होत्या. स्क्रूची बरणी त्याने बाकावर आपटली आणि दाराजवळच्या उपड्या होडीवर पाठ करून बसला.

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आलं की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. "होडीचा एवढा सांगतंस, तर सांग माका," मी ओरडले. "होडीचा इंजिन पण तू असाच फळीयेक टांगतंस काय? मागे चार स्क्रू मारून?"

आजो गर्रकन वळला. त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या ताटातला मासा पळवलाय. "इंजिन कोण टांगता? येडी की काय तू! इंजिन पायार बसता! दोन तुळये घालूचे आडवे, होडीच्या बरगडेंका बांधूचे, त्यार रबर, आणि त्यार इंजिन. स्क्रू नुसते हलू नये म्हणान. भार स्क्रूर देवचो असता खंय?"

असं म्हणून तो थबकला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने त्या वाकड्या झालेल्या राखाडी डब्याकडे बघितलं.

"अरेच्चा," आजो म्हणाला.

तो उठला आणि थेट लाकडांकडे गेला. आजोने सागाच्या दोन जाड पट्ट्या कापल्या. पेटीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांत खोबणी केल्या आणि पट्ट्या त्यांत ठोकून बसवल्या. म्हणजे डब्याचं वजन पट्ट्यांवर, पट्ट्यांचं बाजूच्या फळ्यांवर, आणि फळ्यांमधून पेटीच्या तळावर. एकसंध फळीऐवजी दोन पट्ट्या घेण्यात आणखी एक शहाणपण होतं. आमच्या पॉवर सप्लायचा पंखा खालच्या बाजूला आहे. खाली सलग फळी घातली असती तर त्याचं नाकच बंद झालं असतं. दोन पट्ट्यांमधून तो मोकळा श्वास घेणार होता, आणि तळाची जाळी नेमकी त्याच्याखाली होती.

जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे कापून मी पट्ट्यांवर चिकटवले. रबर थोडं दबतं आणि हिसका गिळून टाकतं. डबा डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे. पुढे सरकू नये म्हणून पुढे एक. वर उडू नये म्हणून वरून एक आडवी पट्टी, तिच्याखाली पुन्हा रबर. मागची चीर गेलेली फळी खिडकीसारखी कापून तिथे आजोने पत्र्याचा चौकोन बसवला. त्यातून तेच जुने नखाएवढे स्क्रू डब्याच्या स्वतःच्या, आधीपासून असलेल्या भोकांत गेले. आता त्यांच्यावर भार नव्हता, नुसतं जागेवर धरून ठेवायचं काम होतं.

"वरची पट्टी गोंदाने चिकटवून टाकूया का? जन्मात सुटणार नाही," मी विचारलं.

"आणि उद्या ह्यो डबो बिघडलो तर काढतलंस कसो? पेटी फोडतलंस?" आजोने मला फटकारलं. "इंजिन काढूक येवक होया." त्याने पट्टीला हाताने फिरवता येणाऱ्या पंखांच्या चाक्या (नट) लावल्या. तो रागावला होता, पण बरोबर होता, आणि अशा वेळी माझा फार जळफळाट होतो.

एक गोष्ट राहिली होती. जुनी पत्र्याची पेटी धातूची, त्यामुळे आतले सगळे धातूचे भाग तिच्यामार्फत एकमेकांना जोडलेले होते. लाकडातून वीज वाहत नाही. म्हणून संगणक ज्या धातूच्या तबकावर बसतो, तिथपासून पॉवर सप्लायच्या मागच्या स्क्रूपर्यंत मी तांब्याची वायर जोडली. गुरुजी रात्री भिंतीच्या प्लगवर चार्ज होतात. कुठे वीज गळली, तर ती या वायरमधून आणि प्लगच्या तिसऱ्या पायातून जमिनीत जाईल, हात लावणाऱ्या मुलाच्या अंगातून नाही. याला अर्थिंग म्हणतात (गळकी वीज सुखरूप जमिनीत पोचवण्याची वाट).

चित्र बघून सगळे प्लग लावले. वायरी थोड्या सैल ठेवून पेटीला बांधल्या. मग आम्ही पेटी उचलली, आडवी केली, उलटी केली, हलवली. आत काही खुळखुळलं नाही. मी पॉवर सप्लायला हाताने ढकलून बघितलं, ओढून बघितलं. हूं की चूं नाही.

तरी बॅटरीची वायर जोडण्याआधी मी चित्र पुन्हा एकदा ताडून बघितलं. बरोबर की चूक हे सांगायला गुरुजी नव्हते ना! मी बटण दाबलं. पंखा घूं करून फिरला. डोळ्यांत दिवे आले.

"मला कोणी ढकललं?" गुरुजींनी विचारलं. मग त्यांनी पोटावर हात ठेवला. "घरघर बंद झाली," ते हळूच म्हणाले.

शनिवारी कोचरेकर मॅडम आल्या. मागे एक मोठा टेम्पोही आला. म्हणजे निकाल घरूनच लावून आल्या होत्या! माझं डोकं तिथेच फिरलं. आम्ही सगळी मुलं वऱ्हांड्यात श्वास रोखून उभी. गुरुजी पायऱ्या उतरले. अंगणाला फेरी मारली. एका खड्ड्यात त्यांचा पाय गेला, ते डगमगले, आमच्यातलं कोणीतरी किंचाळलं. पण डोळ्यांतले दिवे तसेच. गुरुजी पुन्हा पायऱ्या चढून वर आले आणि म्हणाले, "तो खड्डा बुजवा. मुलं पडतील."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत. त्यांनी पेटी उघडायला सांगितली. "लाकडी?" त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "घरी केलेली? स्क्रू तर चारच दिसतात. उद्या निसटलं म्हणजे?"

आता मात्र माझा बांध फुटला. "स्क्रू काय मोजता, मॅडम! आम्हीपण तेच मोजले होते, म्हणून गुरुजी पडत होते. वजन स्क्रूवर नाहीच. वजन या दोन पट्ट्यांवर आहे. हे ठोकळे सरकू देत नाहीत, ही पट्टी उडू देत नाही, रबर हिसका खातं, आणि स्क्रू फक्त जागा धरतात. खाली पंख्याला वाट आहे. ही अर्थिंगची वायर. विश्वास नसेल तर ओढून बघा!"

मॅडमनी बॅटरी काढायला लावली आणि खरंच हात घातला. वर, खाली, पुढे, दोन्ही हातांनी जोर लावून ओढलं. मग हात झटकत उभ्या राहिल्या. मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या.

"उत्तीर्ण," मॅडम म्हणाल्या. आणि जरा थांबून, "या बनावटीचे आणखी बरेच आहेत आमच्या गोदामात. सगळ्यांच्या पेट्याच गेल्यात."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मेंदू चांगले आहेत?"

"तपासले नाहीत. पेटी नाही म्हटल्यावर..."

"मग हा टेम्पो रिकामा कशाला परत नेताय?" मी एवढ्या मोठ्याने म्हणाले, की झाडावरचे कावळे उडाले. "भरून आणा!"

मॅडमना माझा राग आला असावा. त्या तडक निघून गेल्या. पण पुढच्या आठवड्यात टेम्पो आजोच्या मांगराशी येऊन उभा राहिला. पेंढ्यात एक यंत्रमानव बाई आडव्या ठेवलेल्या होत्या. डोंगरापलीकडच्या कुठल्याशा शाळेतल्या. पोट उघडं, आणि केसांच्या जागी कोळ्यांची जाळी. आजोने त्यांच्यासाठी आंब्याच्या फळ्या काढल्या. या वेळी त्याने आधी पट्ट्या बसवल्या, मग पेटी उभी केली. ड्रिलला त्याने हात लावला तो फक्त लाकडासाठी.

सगळी शाळा जमली होती. खडूगुरुजी माझ्या शेजारी उभे होते. मी बॅटरी जोडली आणि बटण दाबलं.

पंखा अडखळला, मग फिरला. बाईंच्या डोळ्यांत मंद दिवे आले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आणि कितीतरी वर्षांपूर्वी कोणीतरी भर वर्गात बंद केलेला पाढा जिथे तुटला होता तिथूनच पुढे सुरू केला.

"...बारा सत्ते?"

त्या वाट बघत होत्या. मला त्या गोदामाचा, त्या गोड आवाजाचा, सगळ्यांचाच राग आला. पण पहिलीतल्या पोरांना असलं काही कळत नव्हतं. ती एका सुरात ओरडली, "चौऱ्याऐंशी!"

"छान," बाई म्हणाल्या. "बारा अठ्ठे?"